रँक अडकली म्हणून वर्ष सोडू का?

पत्र थोडक्यात: कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला वीस वर्षांचा मुलगा लिहितो. बारावीपासून तो ‘ओसू’ हा ताल-खेळ कॉम्प्युटरवर खेळतो. जागतिक रँक चौदा हजारांच्या आसपास आहे आणि आठ-नऊ महिने तिथेच अडकली आहे. त्याला तीन आकडी रँक हवी आहे. रोज पाच-सहा तास, बहुतेक रात्री, खेळणं चालतं. पुढे गेलेली मुलं पंधरा-सोळा वर्षांची आहेत आणि एका ऑनलाइन चाचणीत त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम २३० मिलिसेकंद आला, म्हणून आपण जन्मजातच कमी पडतो की काय, अशी शंका आहे. एक वर्ष ड्रॉप घेऊन रोज दहा तास दिले तर जमेल असं त्याला वाटतं. घरी मात्र तो रात्री कोडिंगचा कोर्स करतो असा समज आहे. वडिलांनी ऑनलाइन गेमवर बंदी आल्याचं पेपरात वाचलंय, त्यामुळे विषय काढायची सोय नाही. महिनाभर डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भरून येतो, कधी मुंग्या येतात. नवा, महागडा कीबोर्ड घ्यावा का, हेही त्याला विचारायचं आहे. लहानपणी तबला प्रवेशिका पूर्णपर्यंत शिकून सोडला, हेही तसंच सुटेल अशी भीती आहे.

---

सगळ्यात आधी हाताचं बघू. पत्रात तू ते जाता जाता, कीबोर्डच्या प्रश्नाच्या आधी एका ओळीत उरकलंयस. हात भरून येणं एक वेळ थकव्याचं असेल, पण मुंग्या येतात तेव्हा नसेवर दाब येतोय का, हे तपासावंच लागतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या असतील तर मनगटातल्या नसेची शंका घेतात. अनामिका आणि करंगळी असेल तर बहुधा कोपराजवळच्या. कुठल्या बोटांत येतात, खेळताना की रात्री झोपेत, हात झटकल्यावर जातात का, एवढं तीन-चार दिवस नीट बघून कागदावर लिही आणि तो कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. त्यांनी सांगेपर्यंत टॅपिंग, म्हणजे डाव्या बोटांनी कळा दाबणं, पूर्ण बंद. यूट्यूबवरचे मनगटाचे व्यायामसुद्धा तोवर नकोत. ड्रॉप, रँक, वय या बाकीच्या सगळ्या प्रश्नांचा विचार हात शाबूत आहे असं धरून चाललाय, म्हणून हा मुद्दा आधी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरने २००७ मध्ये काढलेला हा फुकट खेळ. गाणं वाजतं, पडद्यावर गोल उमटतात, प्रत्येक गोलाभोवती एक कडी आवळत येते आणि ती गोलाला टेकते त्या क्षणी कळ दाबायची. उजव्या हातात टॅबलेटचं पेन किंवा माऊस, डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डच्या दोन कळांवर. ऐकायला पोरखेळ. पण १८० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १८० ठोक्यांच्या, गाण्यात ठोक्याला चार अशा सलग गोलांची ‘स्ट्रीम’ आली की सेकंदाला बारा वेळा दाबावं लागतं, म्हणजे दोन दाबांमध्ये ८३ मिलिसेकंद. कठीण मॅपमध्ये (मॅप म्हणजे एका गाण्यावर बसवलेली गोलांची मांडणी) पूर्ण गुण हवे असतील तर तुमची चूक आगेमागे पंचविसेक मिलिसेकंदांत बसायला हवी. मी उतरवून घेऊन खेळून बघितला. मॅप किती अवघड ते स्टारमध्ये मोजतात; तीन स्टारच्या पुढे डाळ शिजली नाही.

आता तुझ्या शंकेकडे. २३० मिलिसेकंद रिअ‍ॅक्शन टाइम काही वाईट नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आकडा या खेळात फारसा कामाचाच नाही. त्या चाचणीत पडद्याचा रंग कधी बदलेल हे माहीत नसतं. ओसूत गोल आधी दिसतो: किती आधी ते मॅपच्या ‘अ‍ॅप्रोच रेट’वर ठरतं, तो ९ असेल तर ६०० मिलिसेकंद आधी, १० असेल तर ४५० मिलिसेकंद आधी. शिवाय गाणं चालू असतं, ठोका कुठे पडणार हे कानाला कळलेलं असतं. म्हणजे तू दचकून कळ दाबत नाहीस, ठरवून दाबतोस. लागतं ते वाचन, लय आणि बोटांवरचा ताबा. ही तिन्ही शिकण्यातली आहेत.

वयाचं म्हणशील तर त्यात थोडं तथ्य आहे, पण तुला वाटतं तेवढं नाही. स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या ३,३०५ जणांच्या खेळाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात बघणं आणि करणं यातला वेग साधारण चोविशीपासून किंचित मंदावताना दिसला. तू वीसचा आहेस. आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की मोठ्या वयाचे खेळाडू खेळण्याच्या सोप्या युक्त्या वापरून ती कसर भरून काढतात. पंधरा वर्षांच्या पोरांचं खरं बलस्थान वेगळं असतं: त्यांना सबमिशन नसतात, व्हायवा नसतो आणि मेसचा डबा आणायला जावं लागत नाही.

आता मला जिथे खरी गोम दिसते तिथे येते. तू लिहिलंयस की तुझ्या वरच्या स्कोअरांमध्ये जवळजवळ सगळे ‘डबल टाइम’ लावून, म्हणजे गाणं दीडपट वेगाने वाजवून खेळलेले, मिनिट-दीड मिनिटाचे जंपचे (लांब-लांबच्या गोलांवर उड्या मारायचे) मॅप आहेत. लांब मॅप शेवटी तुटतो, १८० च्या वरची स्ट्रीम आली की हात आखडतो आणि अ‍ॅक्युरसी ९६ च्या पुढे हलत नाही. हे सगळं एकाच पत्रात लिहूनही तू विचारतोस की तास कमी पडतायत का.

ओसूची रँक परफॉर्मन्स पॉइंट, म्हणजे पीपीवर ठरते. तुझा सगळ्यात चांगला स्कोअर पूर्ण धरला जातो, दुसरा ९५ टक्के, तिसरा त्याच्याही ९५ टक्के, असं उतरत जातं. चौदाव्या स्कोअरपर्यंत वजन निम्म्यावर येतं आणि पन्नासाव्याचं जेमतेम आठ टक्के उरतं. म्हणजे रँक हे तुझ्या मोजक्या चांगल्या दिवसांचं गाठोडं आहे. तुला काय येत नाही हे त्यात कुठेच दिसत नाही. दहा हजार वेळा स्ट्रीम तुटली तरी रँक एका अंकाने खाली येत नाही, आणि तुझ्या हाताला बसणाऱ्या एखाद्या जंप मॅपवर एकदा नशिबाने एफसी (फुल कॉम्बो, एकही गोल न चुकता पूर्ण मॅप) लागला की ती वर जाते. खेळाची रचनाच अशी की जे येतं तेच पुन्हा पुन्हा कर. मुलं त्याला फार्मिंग म्हणतात आणि थोडं तुच्छतेने म्हणतात, पण करतात सगळेच.

चौदा हजारापर्यंत एका अंगावर येता येतं. पुढे बाकीची अंगं लागतात. आठ-नऊ महिने तू अडकलास ते तिथे, असं माझं मत. यात वय किंवा जन्म कुठेच येत नाही.

आता रिट्रायची सवय. मी तुझ्यासारख्या काही मुलांच्या मागे बसून त्यांचा खेळ बघितलाय. गाणं सुरू होतं, पंधरा-वीस सेकंदांत एक मिस होते, करंगळीखालची कळ दाबली जाते, गाणं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मिस, पुन्हा कळ. तासाभरात त्या गाण्याची सुरुवात साठ-सत्तर वेळा वाजते आणि शेवट एखाद्या वेळी. बोलता बोलता, मोबाइल बघत, ती कळ दाबली जाते. दाबली हे त्यांच्या ध्यानातही नसतं. मग एखाद्या रात्री सगळं जुळून येतं, कॉम्बो शेवटच्या कडव्यापर्यंत पोचतो आणि तिथे हात थरथरायला लागतो. पोरं म्हणतात, ‘चोक झालो, टेन्शन आलं.’ टेन्शन आलंच असेल, पण तो भाग तू वाजवलाच कितीदा होतास? गाण्याच्या तोंडाचा तुझा सराव पक्का झालाय आणि शेवट तुला जवळजवळ नवाच आहे.

तबल्यावर असं चाललं असतं का? तुझ्या गुरुजींनी ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा दिला असेल तेव्हा ‘तिट’ मळकट निघत असताना चौगुन करू दिली नसेल. ‘तिट’ वेगळं काढून घोटून घेतलं असेल, मग एकगुन, मग दुगुन. आणि चुकलास म्हणून दर वेळी पहिल्या ‘धा’वर परत जाऊन सगळा कायदा सुरू करायला लावला नसेल, चुकला तो तुकडाच पुन्हा म्हणून घेतला असेल. प्रवेशिका पूर्ण झालेल्या मुलाला रियाज कसा करायचा हे कुणी शिकवायची गरज नाही. तू तबला सोडलास म्हणून हळहळतोस, पण त्यातलं उपयोगाचं जे होतं ते हातात असताना वापरत नाहीस, याची मला जास्त हळहळ वाटते.

हेच ओसूत करायचं तर असं करता येईल. १८५-१९० ची स्ट्रीम तुटते ना? मग गाणं संथ करणारा ‘हाफ टाइम’ लाव. २०० चं गाणं १५० वर येतं. नव्या लेझर आवृत्तीत गती हवी तेवढी कमी-जास्त करता येते, तेव्हा अगदी पाच-पाच बीपीएमनेही चढवता येईल. ज्या गतीला खांदा, कोपर, मनगट ढिलं राहून दोन्ही बोटं सारखी पडतात ती तुझी आजची खरी गती. दाबताना दात आवळले जात असतील किंवा अंगठा टेबलाला रेटला जात असेल तर ती गती तुझी नाही, मग स्कोअर काहीही असो. तिथे काही दिवस थांबून मगच पुढे जायचं. ‘नो फेल’ (कितीही चुकलं तरी मॅप मधेच थांबत नाही) लावून प्रत्येक मॅप शेवटपर्यंत खेळायचा आणि रिट्रायची कळ सेटिंगमध्ये जाऊन काढूनच टाकायची. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पहिले दोन-तीन दिवस तुला चिडचिड होईल आणि त्या चिडचिडीवरूनच कळेल की सवय किती खोल गेली आहे.

अ‍ॅक्युरसीसाठी यूआर, म्हणजे अनस्टेबल रेट, बघायला शीक. तो आकडा म्हणजे तुझ्या दाबांची पसरण गुणिले दहा. यूआर १२० असेल तर तुझे दाब साधारण १२ मिलिसेकंदांच्या पसरणीत पडतायत. आता खाली जो एरर बार दिसतो त्यात रेघा मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या आहेत की सगळा पुंजका एकाच बाजूला सरकलाय, ते बघ. सरकला असेल तर तू सातत्याने लवकर किंवा उशिरा दाबतोस; ऑफसेट (आवाज आणि खेळ यांच्या वेळेचा मेळ बसवायची सेटिंग) तपासून आणि थोडं गाण्याकडे कान देऊन ते सुधारतं. पसरणच मोठी असेल तर मात्र उपाय हळू गतीचाच. दोन्ही आजारांना ‘९६ टक्के’ हे एकच नाव देऊन तू बसलायस. (ब्लूटूथ इअरबड लावून ताल-खेळ खेळणाऱ्या वाचकांनी आधी ते काढून तारवाले इअरफोन लावावेत, आवाजच उशिरा पोचत असेल तर बोटांना बोल लावण्यात अर्थ नाही.)

आठवड्यातून एकदा स्वतःचे दोन-तीन रिप्ले बघ, तेही पराभवाचे. मिस झाली तिथे पेन गोलापर्यंत पोचलं नव्हतं, की पेन जागेवर होतं आणि बोट चुकलं? की गोल दिसलाच नव्हता? तिन्हींचे सराव वेगळे आहेत. दिसलाच नाही असं वारंवार होत असेल तर गती वाढवून काही होणार नाही; गोल दाटीवाटीने येतात असे कमी अ‍ॅप्रोच रेटचे मॅप घे, गोल दाबायच्या आधीच विरून जातात तो ‘हिडन’ लाव आणि रँकला काडीचा उपयोग नसलेले स्कोअर निमूटपणे करत राहा.

आता दहा तासांबद्दल. सरावाचे तास म्हटलं की ज्या संशोधनाचा सारखा हवाला दिला जातो ते अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचं, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचं. अठरा वर्षांचे होईपर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४१० तास, त्याखालच्या गटाचा ५,३०१ आणि संगीतशिक्षक व्हायला निघालेल्यांचा ३,४२० तास भरला होता. एवढं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्यातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही: अभ्यास झाला त्या वेळी वरचे दोन्ही गट आठवड्याला साधारण २४ तासच एकट्याने सराव करत होते, म्हणजे दिवसाला साडेतीन तास. तोही मधे विश्रांती घेऊन. आणि झोपत होते शिक्षक गटापेक्षा जास्त, दुपारची डुलकी धरून दिवसाला साडेआठ तासांच्या वर. जगभर मैफली करायची उमेद असलेल्या मुलांची ही कथा. तू दहा तास देणार म्हणतोस, त्यातले शेवटचे सहा तास तुझा हात काय शिकणार आहे? थकलेल्या हाताने वाजवायला शिकेल, तेवढंच.

झोपेचं तर तुझ्या खेळाला अगदी चपखल उदाहरण आहे. २००२ मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी उजवखोऱ्या लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी कीबोर्डवर ठरावीक क्रम भराभर दाबायला लावला. दिवसभर जागे राहून पुन्हा दाबायला लावलं तर वेगात फारसा फरक नाही. रात्रभर झोपून उठल्यावर मात्र मधे काहीही सराव न करता वेग साधारण वीस टक्के वाढला. डावा हात, दोन-चार कळा, वेग. तू रात्री तीनपर्यंत जागून आठच्या लेक्चरला जातोस तेव्हा नेमकं हेच फुकट घालवतोस.

आणि एक कटू गोष्ट, कारण तू मोकळेपणाने विचारलंस. चांगला, शिस्तीचा सराव केला की तीन आकडी रँक येतेच, असं मी सांगणार नाही. ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा बुद्धिबळासारख्या बैठ्या खेळांमधल्या कौशल्यातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा, २६ टक्के, जाणीवपूर्वक सरावाने समजावता आला. बाकीचं कधी सुरू केलं, शरीर कसं आहे, शिकवणारं कुणी होतं का, अशा बऱ्याच गोष्टींत वाटलेलं असणार. चौदा हजारांवरून चार आकड्यांत येणं तुझ्या आवाक्यातलं आहे असं मला वाटतं. तीन आकडी म्हणजे जगातले पहिले ९९९. तिथे जायची इच्छा धर, पण आयुष्यातलं वर्ष त्यावर पणाला लावू नकोस.

ड्रॉपचा हिशोब तसाही जुळत नाही. तुझी अडचण तासांची नाही, हे वर आलंच. वर्ष मोकळं मिळालं तर तू तेच डबल टाइमचे मॅप दुप्पट वेळ खेळशील आणि हात लवकर जाईल. वर घरी बसलेल्या मुलाच्या डोक्यावर ‘आता काहीतरी करून दाखवलंच पाहिजे’ हे ओझं येतं. शेवटच्या कडव्यात थरथरणाऱ्या हाताला त्याची गरज नाही. पैशाच्या बाजूने बघावं तर या खेळात पोट भरेल असं काही नाही. ओसू वर्ल्ड कप देशांच्या संघांमध्ये होतो आणि मुलं त्यात प्रतिष्ठेसाठी उतरतात. आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पदकांचा दर्जा पहिल्यांदा मिळाला तो हांगझोऊला, २०२३ मध्ये. त्या खेळांच्या यादीत ताल-खेळ एकही नव्हता. तेव्हा ‘ई-स्पोर्ट्समध्ये करिअर’ हे वाक्य घरी वापरू नकोस. ते खरं नाही आणि वडिलांनी एक प्रश्न विचारला की कोसळेल. उलट प्लेसमेंटच्या वेळी बऱ्याच कंपन्या शिक्षणातल्या खंडाबद्दल विचारतात, हे तुझ्या सीनियर्सना विचारून खात्री करून घे.

मग खेळ सोडू का? छे. कुणी बुद्धिबळ, कुणी रुबिक क्यूब, कुणी हार्मोनियम घेऊन बसतं. तू हे घेऊन बसलायस. दारूच्या पार्ट्यांत रात्री घालवणाऱ्या रूममेटपेक्षा तू बरा की वाईट, असली तुलना मी करणार नाही, पण एखादी अवघड गोष्ट नीट करायची ओढ असलेल्या मुलाला ती सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की दिवसाला दोन तास, दोन बैठकांत, रात्री अकराच्या आत. यातला निदान अर्धा वेळ न येणाऱ्या गोष्टींना आणि बाकीचा मजेला. मजेच्या वेळात खुशाल फार्मिंग कर. या सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत एवढंच. मग सुट्टीत वाटलं तर तीन तास करून बघ आणि तीन तासांनी दोनपेक्षा काही जास्त दिलं का, हे यूआर आणि स्ट्रीमची गती लिहून ठेवून ताडून बघ. रँक त्या वहीत लिहायची नाही.

रँकऐवजी समोर काहीतरी हवं असेल तर रँकच्या पट्ट्यांप्रमाणे होणाऱ्या स्पर्धा असतात, तुझ्या पट्ट्यातल्या शोध. एखादा मित्र घेऊन नाव दे. तिथे मॅपांचा संच ठरलेला असतो: काही साधे, काही हिडनचे, काही हार्ड रॉकचे (गोल लहान, वेळ काटेकोर), काही डबल टाइमचे. एका अंगाच्या खेळाडूचं पितळ पहिल्याच फेरीत उघडं पडतं. समोर माणूस असतो, रिट्राय नसतो, गाणं शेवटपर्यंत खेळावंच लागतं. पहिल्या एक-दोन स्पर्धांत हरशील, पण काय येत नाही याची यादी आयती मिळेल.

घरचं. कोडिंगच्या कोर्सची थाप तू मारली आहेस की घरच्यांनी समज करून घेतला आणि तू तो राहू दिलास, हे पत्रावरून कळत नाही. काहीही असलं तरी डॉक्टरांकडे जाताना हात कशामुळे दुखतो हे सांगावंच लागेल, तेव्हा तीच वेळ साध. आधी आईशी बोलायचं की थेट वडिलांशी, हे तुला माझ्यापेक्षा बरं कळतं. पेपरातली बातमी पैसे लावून खेळायच्या खेळांची आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आली; ई-स्पोर्ट्सना तोच कायदा मान्यता देतो. ओसूत पैसे लावायचे नसतात, हे वडिलांना खेळ उघडून दाखव. अगदी सोपा मॅप लावून पेन त्यांच्या हातात दे. त्यांना दोन गोल जमले नाहीत की ‘हे काय करतोस तू’ या प्रश्नाचा सूर आपोआप बदलतो, हा माझा बऱ्याच घरांतला अनुभव आहे. पण मार्कशीट हातात असू दे. केटी लागलेली असताना हा डेमो द्यायला जाऊ नकोस.

वडिलांच्या वयाच्या वाचकांनाही एक सांगते: मुलगा रात्री तीनला जागा असतो एवढंच तुम्हाला दिसतं, आणि त्यावर चिडणं रास्तच आहे. पण ‘गेम बंद कर’ म्हणण्याआधी तो कुठला गेम आहे, त्यात पैसे जातात का आणि त्याला त्यात काय जमत नाहीये, हे तीन प्रश्न विचारून बघा. तिसरा प्रश्न त्याला आजवर घरात कुणी विचारलेला नसतो.

राहता राहिला कीबोर्ड. रॅपिड ट्रिगरचा कीबोर्ड वाईट नाही. बोट जरा उचललं की कळ मोकळी होते, त्यामुळे स्ट्रीममध्ये कळ पूर्ण वर यायची वाट बघावी लागत नाही आणि बोटांचे श्रम थोडे वाचतात. पण तो तुला वेळेवर दाबायला शिकवणार नाही. शिवाय आता घेतलास तर सुधारणा हाताची की कीबोर्डची, हे कळायचं नाही. तोच नियम टॅबलेटच्या एरियाला, म्हणजे पेनासाठी टॅबलेटचा किती भाग वापरायचा त्याला: दर आठवड्याला बदलतोस ते थांबव, एक माप धर आणि निदान सेमिस्टरभर त्याला हात लावू नकोस. कीबोर्डचे पैसे साठले असतील तर आधी डॉक्टरांची फी आणि लागलीच तर फिजिओची सेशन त्यातून भागव. त्यातून उरलेच, तर तुझी खुर्ची कशी आहे ते बघ. हॉस्टेलच्या प्लास्टिकच्या खुर्चीत उशी टाकून, खांदे कानापर्यंत चढवून खेळत असशील तर कीबोर्डआधी ती बदल.